शेवंतीचे शेंडे

मार्गशीर्ष लागला की सांगलीच्या बाजारात शेवंतीचे ढीग पडतात. पिवळी, पांढरी आणि अलीकडे ती कसलीशी जांभळी, जिला वास म्हणून नाही. गुरुवारच्या पूजेसाठी बायकांची झुंबड उडते. मी पिशवी घेऊन त्याच रस्त्यानं जाते, मेथी घेते, लिंबं घेते आणि फुलवालीनं हाक मारली की मान हलवून पुढं सरकते. "आजी, वेणी न्या की, ताजी हाय," ती बिचारी दर वर्षी म्हणते. तिचं काही चुकत नाही. पण तो कडवट, ओलसर, पाला चुरगाळल्यासारखा वास नाकात गेला की माझं चित्त दिवसभर थाऱ्यावर राहत नाही.

गच्चीवर माझी बाग आहे. मुलगा म्हणतो, तुझ्या कुंड्यांच्या वजनानं एक दिवस घर खाली बसेल. बसू दे. शाळेत पोरांना शिकवून निवृत्त झालेल्या बाईनं दुसरं करायचं तरी काय? चैत्रात मोगरा असतो, पावसाळ्यात तगर आणि गुलबक्षी, दसऱ्याला झेंडू, बारमाही अबोली आणि जास्वंद. सकाळी चहाच्या आधी मी वर जाते, पिकली पानं काढते, कुंडीतली माती उकरते, कुठं कीड पडली असेल तर तिला दोन शिव्या घालते. झाडांशी माझं बरं जमतं, कारण ती उलट सल्ला देत नाहीत.

सल्ला शेजारच्या बाई देतात. परवा वर आल्या, सगळ्या कुंड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मावशी, सगळं आहे, शेवंती कशी नाही हो? अगदी सोपी असते. नुसते शेंडे खुडत राहायचे." मी "हो का?" म्हटलं आणि नळ बंद करायचं निमित्त करून खाली आले. मला शेंडे खुडायला शिकवतात. मग जेवताना अर्धं ताट तसंच सारून उठले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पौष जवळ आलाय.

आमचं घर कुंडल आणि पलूसच्या मधल्या काळ्या रानातलं. घरात आई, आबा, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि मी. दादा पलटणीत होता. आमच्या भागात त्याचं कुणाला नवल नव्हतं, दर दोन घरांआड एक तरी पलटणीतला होताच. त्याचं लग्न झालं आणि वहिनी आमच्या घरी आली ती पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून. तिच्या माहेरी हंडाभर पाण्यासाठी बायका अर्धी सकाळ घालवायच्या. आमच्याकडं न्हाणीचं पाणी घरामागच्या परड्यात नुसतं वाहून जाताना तिनं पाहिलं आणि ती तिथंच उभी राहिली. मला म्हणाली, "वन्सं, हे पानी असंच जातंय?" मी तिच्याहून लहान, तरी ती मला वन्सं म्हणायची, कारण नवऱ्याच्या बहिणीला तसंच म्हणायची रीत. मी म्हटलं, मग कुठं जाणार?  दुसऱ्या दिवशी तिनं खुरपं घेतलं आणि त्या पाण्याला वाट काढून दिली.

परड्यात तोवर एक कढीपत्ता, एक शेवगा आणि उकिरडा एवढंच होतं. वहिनीनं उकिरडा पलीकडं हलवला, राख चाळून घातली, दगड वेचून बांध घातला. हिवाळ्यात तिच्याच मुलखातले धनगर मेंढरं घेऊन आमच्या रानात बसायला यायचे, तेव्हा ती माहेरचं माणूस भेटल्यासारखी त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर जायची आणि येताना पाटीभर लेंडी घेऊन यायची. आईला हे पसंत नव्हतं. "फुलांनी काय प्वाट भरतंय व्हय? वांगी लाव, मिरच्या लाव," ती म्हणायची. वहिनी म्हणायची, "लावते की आत्याबाई." आणि खरोखरच तिनं कडेनं वांगी लावली, मिरच्या लावल्या आणि मधल्या सगळ्या जागेत फुलझाडं. दोन वर्षांत गावातल्या बायका परसदारानं यायला लागल्या. मग आईचाच तोरा बघवेना. "आमच्या सुनंची बाग हाय," म्हणून ती येईल त्याला अबोलीचं रोप द्यायची, आणि वर कसं लावायचं तेही सांगायची, स्वतः कधी हात लावला नसताना.

शेवंती दादानं आणली. लग्नानंतरच्या पहिल्या रजेला तो बेळगावहून आला, तेव्हा ट्रंकेत पायाला गुंडाळायच्या लष्करी पट्टीत ओली माती आणि चार फुटवे बांधून घेऊन आला. साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून त्यानं ते मागून घेतले होते. आता तुम्हाला वाटेल, त्यानं ते बायकोच्या हातात दिले असतील. आमच्या घरात तसली रीत नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोशी बोलत नसे. तो ओट्यावर बसला होता, वहिनी दाराआड उभी होती आणि मी मधे. तो मला म्हणाला, "हौसे, सांग तुझ्या वैनीला, ह्येचं शेंडं खुडाय लागत्यात. खुडलं की झाड रुंद हुतंय, फुलं मायंदाळ येत्यात." दाराआडून कुजबूज आली, "वन्सं, इचारा की, कवापतूर खुडायचं?" मी विचारलं. "गणपतीपतूर. मग हात लावायचा न्हाई." दोन हातांवर उभी असलेली माणसं माझ्या तोंडून संसार करायची आणि मला त्याचा भारी कंटाळा यायचा.

पण फुलं आली तेव्हा मला कळलं की ती दोघं माझ्यावाचूनही बोलतात. पिवळीधमक, वाटीएवढी फुलं. वहिनी सकाळी वेणी करून माळायची आणि ओट्यावर चहा घेऊन यायची, आबांच्या पुढ्यात एक कप, दादाच्या पुढ्यात एक. दादा मान खाली घालून मला विचारायचा, "हौसे, आज परड्यातली कुठली फुलं काढली गं?" मी म्हणायची, "डोळे आहेत ना तुला?" तो हसायचा. वहिनी आत जाताना तिचा कान लाल झालेला मला दिसायचा.

दादाची रजा दर वर्षी वेगळ्या वेळेला यायची. कधी दिवाळीत, कधी मागून. वहिनीनं आपल्या आपणच एक गोष्ट शोधून काढली. शेंडे थोडे उशिरापर्यंत खुडले की फुलं थोडी उशिरा येतात. मी तिला दादाचं पत्र वाचून दाखवायची, तो अमुक महिन्यात येणार म्हणून, आणि ती बोटांवर मागं मोजत यायची. दिवाळीत येणार असेल तर गणपतीनंतर हात बंद. मार्गशीर्षात येणार असेल तर दसऱ्यापर्यंत खुडायचं. एकदाही तिचा अंदाज चुकला नाही. दादा दारात आला की आदल्या एकदोन दिवसांत पहिली फुलं उमललेली असायची. देवळातले गुरवमामा पहाटे पूजेची फुलं न्यायला परड्यात यायचे, ते म्हणायचे, "ह्या पोरीची शेवंती पंचांग बघून फुलती."

मग ते वर्ष आलं. लढाई कुठं चालली होती हे आम्हाला धड ठाऊक नव्हतं. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, चावडीवर धान्याची लेव्ही घालायला बोलावणी यायची, एवढीच आमच्यापर्यंत पोचलेली लढाई. दादा ब्रह्मदेशाच्या बाजूला आहे असं पलूसचा एक जवान रजेवर आला होता त्यानं सांगितलं. पत्रात दादा गावाचं नाव लिहायचा ते कुणीतरी काळ्या शाईनं खोडलेलं असायचं. मी ते उजेडाकडं धरून बघायची आणि वहिनी म्हणायची, "वन्सं, नाव ऱ्हाऊ द्या. कवा येणार ते वाचा."

दिवाळीत येणार होता. वहिनीनं गणपतीनंतर हात थांबवला. कळ्या धरायला लागल्या तोच कळलं, दिवाळीत नाही, मार्गशीर्षात. तिनं सगळ्या कळ्या खुडल्या. दिवाळीला गावात सगळ्यांच्या परड्यात शेवंती फुलली, तीही आमच्याच परड्यातून गेलेल्या फुटव्यांची, आणि आमचा वाफा हिरवाच्या हिरवा. बायका विचारायच्या. गुरवमामा रिकामी परडी हलवत विचारायचे, "शेवंती न्हाई का गं आजून?" वहिनी म्हणायची, "औंदा उशीर हाय मामा."

मार्गशीर्ष आला. रजा पुन्हा पुढं गेली. पुन्हा कळ्या धरल्या आणि तिनं पुन्हा खुडल्या. त्या वेळी मी तिथं होते. ती वाफ्यात उकिडवी बसून एकेक कळी अंगठ्याच्या नखानं तोडत होती आणि ओच्यात टाकत होती. आई मागून आली आणि चिडली. "आगं, किती खुडशील? झाडालाबी काय मुदत हाय का न्हाई? वांझ जाईल समदं." वहिनीनं मान वर केली नाही. "त्यास्नी बघाया नगंत का आत्याबाई?" एवढंच म्हणाली. आई वळून आत गेली. आत जाऊन तिनं भांडी उगीच जोरानं आपटली. आईला रडायला आलं की ती भांडी आपटायची.

थंडी पडली. गुऱ्हाळं सुरू झाली. आमच्याकडं पौष म्हणजे धूर. सगळ्या रानांतून गुळाच्या काहिलींचा गोडसर धूर यायचा आणि सकाळी धुक्यात मिसळून घरात शिरायचा. अंथरुणाला, लुगड्यांना, केसांना तो वास. लहानपणी मला तो आवडायचा. आता मुलगा गाडीतून कधी त्या बाजूला नेतो आणि एखादं गुऱ्हाळ दिसलं की म्हणतो, आई, थांबू या, ताजी काकवी घेऊ. मी काच वर करायला सांगते.

पौषाच्या तोंडाशी पलूसच्या त्या जवानाच्या घरून सांगावा आला की दादाच्या तुकडीला रजा मंजूर होते आहे, संक्रांतीच्या सुमाराला माणसं निघतील. त्या दिवशी वहिनीनं वाफ्याला लेंडीखत घातलं, पाणी दिलं आणि हात धुऊन टाकले. म्हणाली, "आता येऊ द्या." झाडं बिचारी दोनदा मार खाल्लेली, तरी पुन्हा कळ्या धरल्या. आधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मग हरभऱ्याएवढ्या. वहिनी दिवसातून कितीदा तरी परड्यात जायची. तिच्या चालण्यात एक घाई आली होती. आईनं कुरडया काढून ठेवल्या, दादाला आवडतात म्हणून. आबांनी त्याच्या खाटेच्या सुंभाला पीळ देऊन घेतला. माझी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा जवळ आली होती, पण पुस्तकात लक्ष कुणाचं लागतंय.

मग एक दिवस आबांना चावडीवर बोलावणं आलं. ते गेले आणि दिवस कलल्यावर परत आले. "काय म्हनत्यात?" आईनं विचारलं. "लेव्हीचं हाय," आबा म्हणाले. जेवायला बसले आणि भाकरी मोडून तशीच ठेवून उठले. गुऱ्हाळाचा धूर लागला, डोकं धरलंय म्हणाले. आबा आयुष्यभर गुऱ्हाळावर राबलेला माणूस. धूर त्यांना कधी लागला नव्हता. पण त्या वेळी आम्हाला कुणालाच ते खटकलं नाही, आम्ही सगळ्या दादाच्या येण्यात गुंतलेल्या.

दुसऱ्या सकाळी वहिनी वाफ्यातून हाक मारत आली. कळ्या नाहीत. पहिल्या ओळीतल्या झाडांच्या पुढच्या कळ्या गेलेल्या. "पाखरं आल्याती," ती म्हणाली. तिनं राख फेकली, बाभळीच्या फांद्या आणून वाफ्याभोवती रोवल्या, एक फाटकं बंडीचं धडुतं काठीला बांधून उभं केलं. पुढच्या सकाळी आणखी एक ओळ गेली. ती हवालदिल झाली. "वन्सं, ही कसली पाखरं, काट्यातबी शिरत्यात?"

पहाटे न्हाणीची चूल पेटवायचं काम माझं. त्याच्या पुढच्या पहाटे मी काटक्या घेऊन गेले तर धुक्यात वाफ्यापाशी कुणीतरी बसलेलं दिसलं. मी न्हाणीच्या भिंतीआड थांबले. आबा होते. ज्या माणसानं जन्मात फुलझाडाला हात लावला नव्हता, बैल आणि ऊस यांच्यापलीकडं ज्याला काही दिसत नव्हतं, तो माणूस पटका काढून ठेवून, काट्यांतून हात घालून कळ्या खुडत होता. एक एक. त्यांची बोटं जाड, कळी बारीक, पुन्हा पुन्हा निसटायची.

आई शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडून आली. तिनंही पाहिलं. "आवं, काय करताय?"

आबांनी आणखी एक कळी तोडली.

"आवं, पोरीनं येवढी जपल्याती. कशापायी खुडताय?"

"आपला शिवा गेला," आबा म्हणाले. दादाचं नाव शिवराम. "चावडीत कागद आलाय."

आईनं पाटी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. मला वाटलं आता ती हंबरडा फोडणार. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि घराच्या दाराकडं बघितलं, आतून कुणी येतंय का. दार बंद होतं.

आबा म्हणाले, "फुलं आली तर ती माळंल. मग मलाच सांगाया लागंल, काढ म्हणून."

 मग आई आबांच्या शेजारी मातीत बसली. तिनं हात पुढं केला आणि शेजारच्या झाडाची एक कळी तोडली. मग दुसरी. तिचं सगळं अंग हलत होतं, पण आवाज नव्हता. "संक्रांत हुंद्या," ती म्हणाली. "येवढी येक तिची संक्रांत हुंद्या."

मी चूल पेटवली नाही. मी काटक्या तिथंच टाकल्या आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीला तोंड लावून रडले. माझा भाऊ गेला होता आणि मला मोठ्यानं रडायची सोय नव्हती. त्या गोष्टीचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे मला या वयातही कळलेलं नाही.

त्या सकाळी वहिनी वाफ्यात गेली तेव्हा मी मुद्दाम तिच्या मागं गेले. ती खाली वाकली. तोडलेला एक देठ तिनं दोन बोटांत धरला, फिरवून बघितला. दुसरा बघितला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग उठली आणि बाभळीच्या फांद्या एकेक करून उपटल्या, काठीवरचं धडुतं काढलं, घडी घातली. मी विचारलं, "वहिनी, काटे काढले?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं. न्हाई येत आता पाखरं." मला वाटलं, दमली, कंटाळली. मी सुटल्यासारखी आत आले.

मधले दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. आठवतात त्या तुटक गोष्टी. भोगीच्या दिवशी आई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती आणि तिच्या हाताखालची भाकरी पुन्हा पुन्हा तुटत होती. आबा दिवसभर रानातच राहायचे. गुऱ्हाळावरून आलेली उसाची कांडकी वहिनी सुगडांसाठी तोडत होती, आणि गाजरं, बोरं, हरभऱ्याचे घाटे वेगवेगळे मांडत होती, दर वर्षीसारखे. घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. दादाचं नाव त्या दिवसांत कुणीच काढलं नाही, वहिनीनंही नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमच्याकडं संक्रांतीला बायका सुगडं घेऊन देवळात ववसायला जातात. सवाष्णींनी एकमेकींना वाण द्यायचं, हळदकुंकू लावायचं. निघण्याआधी सासू सुनेला हळदकुंकू लावते. वहिनी हिरवं लुगडं नेसून आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. डोक्यात फूल नव्हतं. आईनं करंड्यात बोट बुडवलं. ते बोट तिच्या कपाळापर्यंत न्यायला आईला किती वेळ लागला. कुंकू लागलं आणि थोडं नाकावर सांडलं. वहिनीनं ते पुसलं नाही. तिनं वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रोजच्यापेक्षा पुष्कळ वेळ ठेवलं. आई म्हणाली, "उठ पोरी, उशीर हुतोय." देवळात तिनं एकेका बाईला वाण दिलं, एकीलाही चुकवलं नाही. कुणीतरी थट्टा केली, "धनी कवा येणार?" वहिनी हसली. ते हसू मी बघितलं होतं, आणि तरी मला काही कळलं नाही.

दुसरा दिवस किंक्रांतीचा. त्या दिवशी शुभ काही करत नाहीत. आबा सकाळी ओट्यावर बसले होते. आई उंबऱ्यात होती, तोंड धुतलेलं, पण सांगायचं कसं म्हणून ओठ गच्च मिटलेले. वहिनी दारात आली. एरवी ती सासऱ्यांसमोर दाराआड उभी राहून बोलायची, तेही माझ्यामार्फत. त्या दिवशी ती दाराबाहेर आली, आबांच्या समोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, आवाज साधा होता.

"मामंजी, पाखरानं कळी तोडली तर देठ चिंबतो. परड्यातल्या कळ्या नखानं खुडल्याती."

आबांनी वर बघितलं.

"संक्रांत झाली," वहिनी म्हणाली. "आता सांगा."

पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी असा दिवस आला आहे त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांच्या घरी आला नाही त्यांनी तो वाचून करायचं काय? शेजारणी आल्या. बांगड्या फुटल्या. आईचा आवाज शेवटी फुटला आणि तो गुऱ्हाळापर्यंत ऐकू गेला म्हणतात. कृष्णेवर दहावं केलं. न्यायला देह नव्हता म्हणून आबांनी दादाचा एक जुना सदरा बरोबर घेतला होता आणि नंतर तो पाण्यात सोडायला त्यांचा हात उघडेना.

इतकी वर्षं झाली, मी हे मनात उलटंपालटं करते. आबांचं चुकलं का? खरं सांगायचं होतं त्याच दिवशी, असं कुणीही म्हणेल, आणि मीही कधी कधी म्हणते. मग मला त्यांची ती जाड बोटं दिसतात आणि मी गप्प बसते. त्यांना वाटलं, आपण तिला चार दिवस देतोय. आईला वाटलं, आपण तिला एक संक्रांत देतोय. आणि तिनं एक देठ हातात धरून सगळं ओळखलं आणि गप्प राहिली, कारण तिला वाटलं, म्हाताऱ्यांना देऊ द्यावं. डोक्यात फूल न माळता ती त्या संक्रांतीला का गेली हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. कपाळावर कुंकू घेतलं ते आईसाठी. फूल मात्र ती दादासाठीच माळायची, ते तिनं आधीच बंद केलं होतं. गावात लोक म्हणायचे, सून मोठी समजूतदार हो. मला त्या शब्दाची चीड आहे. विशी नुकती ओलांडलेल्या बाईला समजूतदार व्हायला लागतं, यात कौतुक कसलं?

महिन्याभरानं तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली. आई म्हणाली, "ऱ्हायाचं न्हाईस का गं?" ती म्हणाली, "परडं वाळलं असतं." परडं खरंच वाळत चाललं होतं. आम्ही कुणी पाणी घातलं नव्हतं. शेवंतीला माघात कशीबशी काही फुलं आली होती, सदऱ्याच्या गुंडीएवढी, फिकट. ती कुणी तोडली नाहीत. देठावरच काळी पडली आणि गळाली. गुरवमामांनीही मागितली नाहीत.

उन्हाळ्यात वहिनीनं मोगऱ्याची आळी केली. कळ्या आल्या त्या सगळ्या देवळात पाठवल्या. आई तेव्हा सवाष्ण होती, कुंकू लावत होती, पण त्या वर्षापासून तिनंही डोक्यात फूल घातलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, केस गेलं सगळं, फूल ठरत न्हाई. तिचा अंबाडा शेवटपर्यंत मुठीएवढा होता. पावसाळ्यात वहिनीनं शेवंतीचे फुटवे फोडले, नवा वाफा केला, लेंडीखत घातलं. मला आशा वाटली. मग श्रावण आला, झाडं वाढली, शेंडे वर आले. ती रोज त्या वाफ्यावरून पाणी घालत जायची आणि शेंड्याला हात लावायची नाही. गणपती आले, गेले. झाडं किडकिडीत उंच झाली, वाऱ्यानं वाकायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, खुडायचे राहिलेत की." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि झाडांना काठ्यांचा आधार दिला.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे गुरवमामा परडी घेऊन आले. धुकं होतं आणि वाफ्यात फुलं होती. थोडी, पण पिवळीधमक, वाटीएवढी. आबा ओट्यावर होते. आई न्हाणीपाशी होती. मामा आनंदून म्हणाले, "औंदा कशी येळेवर फुलली गं पोरी तुझी शेवंती."

वहिनीनं सगळी फुलं तोडून त्यांच्या परडीत घातली.

"व्हय मामा," ती म्हणाली. "औंदा खुडली न्हाई."